लाखीशचा देखावा, भाग तिसरा : त्वचेचा रंग

यहूदा राज्यातील लाखीश हे शहर अश्शूरी (प्राचीन इराकमधील) सैन्याने इ.स.पू. ७०१ मध्ये वेढा घालून जिंकले; त्या प्रसंगाचा हा लहान प्रमाणातील देखावा. मागील भागात तटबंदीचा कोपरा आणि अश्शूरी सैन्याने तटाला भिडवलेला दगडांचा उतार पूर्ण झाल्याचे कळविले होते. आता १:३२ प्रमाणातील आकृत्यांची पाळी आहे. शहर पडल्यावर बाहेर नेले जाणारे एक यहूदी कुटुंब मी निवडले आहे : बैलगाडी, गाडीतील गाठोड्यांवर बसलेल्या स्त्रिया व मुले आणि गाडीबरोबर चालणारा पुरुष. प्रायमर वाळला आहे, आणि कपड्यांना हात लावण्यापूर्वी त्वचा उरकायची हा आपल्यापैकी बहुतेकांचा शिरस्ता मीही पाळतो. मात्र इ.स.पू. ७०१ मधील हिब्रू माणसाचा वर्ण कोणता, या प्रश्नावर धर्मपीठांपासून चित्रशाळांपर्यंत इतकी हिरिरीची भांडणे झाली आहेत, की वाटीत रंग काढण्यापूर्वी पुरावा नीट पाहून घेणे भाग होते.

भांडणाची दोन टोके सर्वांना ठाऊक आहेत. एका टोकाला युरोपीय चित्रपरंपरा आहे. तिने संदेष्टे, राजे आणि येशू यांना आपल्याच शेजाऱ्यांचे गोरे चेहरे दिले, आणि १९४० मधील वॉर्नर सॉलमन यांच्या येशूच्या छापील चित्राने तो चेहरा जगभरातील भिंतींवर नेला. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील कृष्णवर्णीय हिब्रू चळवळी आहेत. विल्यम सॉन्डर्स क्राउडी यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला पंथ हा त्यांतील आरंभीच्या पंथांपैकी एक. गुलामगिरीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या समाजाने मिसरातून सुटलेल्या लोकांत स्वतःला पाहावे यात नवल नाही, आणि त्या ओढीची चेष्टा करण्याचा अधिकार निळ्या डोळ्यांचा मोशे रंगवणाऱ्यांना तर मुळीच नाही. तथापि दोन्ही बाजूंचा आग्रह एकच असतो, तो म्हणजे प्राचीन माणूस आजच्या एखाद्या गटाच्या रंगात बसलाच पाहिजे. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद जुन्या नोंदींत आढळतो. तो कांतीच्या छटेपेक्षा कुळाच्या शुद्धतेविषयीच्या समजुतीचा होता, पण त्याला नावे मात्र रंगांचीच मिळाली.

आपल्यासाठी पहिला पुरावा अर्थातच लाखीश जिंकणाऱ्या अश्शूरी राजा सन्हेरीबाच्या निनवे येथील राजवाड्यातील शिल्पपट्ट. ब्रिटिश उत्खननकर्ते लेयार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते उकरून काढले आणि आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पराभूत यहूद्यांचे समकालीन आणि इतके तपशीलवार चित्रण दुसरीकडे नाही. परंतु जिप्समच्या पट्टांवरील मूळ रंग बहुतांशी गेलेला आहे, त्यामुळे वर्णाविषयी ते थेट काहीच सांगत नाहीत. सांगतात ते आकाराविषयी. येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिल्पकाराने यहूदी माणूस ओळखू येईल अशी व्यवस्था केली आहे ती पोशाखातून : डोक्याला गुंडाळलेले आणि कानाशी टोक लोंबणारे फडके, आखूड दाढी, अनवाणी पाय, स्त्रियांच्या डोक्यावरून पार घोळापर्यंत आलेली लांब ओढणी. नाक, ओठ, जबडा यांत अश्शूरी शिपाई आणि यहूदी कैदी यांच्यात त्याने जवळजवळ फरक केलेला नाही. फडके आणि शिरस्त्राण झाकून पाहिल्यास कोण कोणाच्या बाजूचा हे सांगणे अवघड जाते.

याच पट्टांवर काही पुरुष उघड्या डोक्याचे, आखूड कुरळ्या केसांचे आहेत आणि सर्वांत क्रूर शिक्षा त्यांच्याच वाट्याला आलेल्या आहेत. हे यहूदाचा राजा हिज्कीया याचे खास लोक असावेत असे पुरातत्त्वज्ञ आर. डी. बार्नेट यांनी सुचविले होते. केसांच्या त्या बारीक वळ्या दाखवून हे आफ्रिकी वंशाचे होते, असा दावा वारंवार केला जातो. त्या मोहिमेत कूशी (मिसरच्या दक्षिणेकडील कूश देशाच्या) राजवटीचे सैन्य यहूदाच्या मदतीला आले होते हे खरे असल्याने तो दावा वरकरणी पटण्यासारखा आहे. माझा आक्षेप शिल्पकाराच्या सवयीवर आधारलेला आहे. हे कारागीर स्वतःच्या राजाची दाढीसुद्धा वळ्यांच्या रांगांनीच कोरतात. शिवाय पुढे अश्शूरी राजा अशुर्बनिपालाच्या काळात मिसरी शहरावरील हल्ला कोरताना त्यांनी कूशी सैनिक अगदी निःसंदिग्धपणे दाखविले आहेत : डोक्याच्या पट्टीत खोचलेले पीस, डोक्याला घट्ट बसलेले आखूड केस आणि वेगळी चेहरेपट्टी. म्हणजे वेगळेपण दाखवायचे असेल तेव्हा ते दाखविण्याची हातोटी त्यांच्याकडे होती, आणि लाखीशमध्ये त्यांनी ती वापरलेली नाही. म्हणून माझ्या कुरळ्या केसांच्या आकृत्या बाकीच्या यहूद्यांच्याच वाटीतून रंगणार आहेत.

रंग शिल्लक असलेला पुरावा मिसरमधला आहे, पण तो जपून वापरावा लागतो. बेनी हसन येथील दुसरा ख्नुमहोतेप या मिसरी अधिकाऱ्याच्या थडग्यात, इ.स.पू. १८९० च्या सुमारास, पूर्वेकडून आलेल्या आशियाई लोकांचा काफिला रंगविलेला आहे. मजकुरात ३७ जणांचा उल्लेख असून प्रत्यक्षात १५ माणसे काढलेली आहेत. त्यांची त्वचा पिवळसर तपकिरी, केस काळे आणि वस्त्रे पट्ट्यापट्ट्यांची आहेत, तर शेजारचे मिसरी पुरुष तांबूस तपकिरी आहेत. हे लोक हिब्रू नव्हेत, तर त्यांच्याआधीच्या काळातील त्याच भूभागाकडचे. तरीही आपल्या कामाला जवळचे. अडचण अशी की मिसरी चित्रकार स्वतःच्या स्त्रियांनाही फिकट पिवळ्या रंगवीत असत. त्यांच्याकडे रंग हे मोजमाप नव्हते, ती खूण होती. मिसरचा राजा पहिला सेती याच्या थडग्यातील चार मानवसमूहांच्या चित्राचेही तेच, आणि त्यात भर अशी की वादात मिरविल्या जाणाऱ्या प्रती बहुधा एकोणिसाव्या शतकात हाताने रंगविलेल्या असतात. त्या प्रतीवरून छटा उचलणारा माणूस सेतीच्या चित्रकाराची नव्हे, तर युरोपीय नक्कलकाराची छटा उचलत असतो.

बायबलमधील वचनांवर फार वेळ घालवीत नाही. विलापगीताच्या चौथ्या अध्यायात यरुशलेमचे सरदार दुधाहून शुभ्र व पोवळ्याहून आरक्त होते असे सातवे वचन म्हणते आणि तेच आता काजळीहून काळे झाले असे आठवे. एक पक्ष सातवे वचन घेऊन बसतो, दुसरा आठवे. कवी बोलतो आहे ते वेढ्यातील उपासमारीविषयी. गीतरत्नातील तरुणी मात्र माझ्या उपयोगाची आहे, कारण द्राक्षमळ्यांची राखण करताना उन्हाने आपण काळवंडलो असे कारण ती स्वतःच देते. लाखीशच्या आसपासची जमीनही शेतीची होती. तेव्हा चेहरा, मानेचा मागचा भाग आणि कोपरापासून पुढचा हात हे झाकलेल्या अंगापेक्षा गडद हवेत, एवढा हिशेब त्यातून पक्का होतो.

आता ज्याच्यासाठी हा भाग लिहावासा वाटला त्या उताऱ्याकडे येतो. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहूदी धर्मनियमांच्या ग्रंथात त्वचारोगाच्या डागांवर ‘नगाईम’ नावाचे प्रकरण आहे. पांढरा डाग किती तेजस्वी आहे हे पाहून याजक निर्णय देत असे, आणि प्रश्न असा उभा राहिला की तोच डाग जर्मन माणसाच्या अंगावर मंद दिसतो आणि कूशी माणसाच्या अंगावर उठून दिसतो; मग ठरवायचे कसे? रब्बी इश्माएल म्हणतात की इस्राएलचे लोक बॉक्सवुडच्या (एका पिवळट, कठीण) लाकडासारखे आहेत, ना काळे ना गोरे, मधल्या वर्णाचे. त्यावर रब्बी अकिबा जे सांगतात ते वाचून कोणताही रंगकर्मी खूश व्हावा : चित्रकारांकडे काळ्या, गोऱ्या आणि मधल्या आकृत्या रंगविण्याचे रंग असतात, त्यांतला मधला रंग आणा, डागाभोवती बाहेरून लावा, म्हणजे तो मधल्या त्वचेवर असावा तसा दिसेल. लगेच पुढे उजेडाचे नियम येतात. पहाटे, संध्याकाळी, घरात किंवा ढगाळ दिवशी तपासणी नको, कारण मंद डाग तेजस्वी भासतो. भर दुपारी नको, कारण तेजस्वी डाग मंद भासतो.

हे दोघे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले, म्हणजे लाखीशनंतर आठशे वर्षांहून अधिक काळाने बोलत आहेत, हे मान्य. तरीही आपल्याच लोकांच्या वर्णाविषयी त्या समाजातील जाणत्यांनी केलेले इतके थेट विधान दुर्मिळ आहे, आणि त्याचा हेतू गौरव किंवा निंदा नसून रोगनिदानाचा असल्याने मला ते अधिक विश्वासार्ह वाटते. वर्ण हा नेहमी कशाशेजारी ठेवला आहे त्यावरून दिसतो, हे अकिबांनी ओळखले होते. आजच्या वादात नेमके हेच निसटते.

अकिबांची युक्ती मी टेबलावर करून पाहिली. पुठ्ठ्याच्या तीन चौकटी कापल्या, एक गडद तपकिरी, एक फिकट गुलाबी आणि एक मधल्या रंगाची, आणि त्याच पुरुषाच्या डोक्याभोवती आळीपाळीने धरल्या. गडद चौकटीत तो चेहरा जवळजवळ युरोपीय वाटतो, फिकट चौकटीत तो चांगलाच सावळा होतो, आणि रंगाचा एक थेंबही बदललेला नसतो. छायाचित्रांत आकृती पांढऱ्या कागदावर ठेवण्याची आपली पद्धत यासाठी घातक आहे. यापुढे मी तिन्ही पार्श्वभूमींवरची छायाचित्रे देईन. बॉक्सवुडसाठी ड्रॉइंगच्या जुन्या संचातील मोजपट्टी हाताशी होती. तिचा मधला भाग मधासारखा पिवळट आहे आणि जिथे वर्षानुवर्षे बोटे लागली त्या कडा तपकिरी झाल्या आहेत. या दोन छटांच्या दरम्यान माझी सगळी यहूदी मंडळी बसवायची, असे ठरविले.

जनुकीय पुरावाही याच पट्ट्याच्या आसपास येतो. लेबनॉनमधील सिदोन येथील, इ.स.पू. १७०० च्या सुमाराच्या पाच कनानी (त्या किनारपट्टीच्या प्रदेशातील प्राचीन) व्यक्तींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्यांचे डोळे तपकिरी, केस गडद, त्वचा मध्यम ते उजळ आणि बहुधा आजच्या लेबनीज लोकांपेक्षा थोडी गडद होती. माणसे पाचच आणि काळ हजार वर्षे आधीचा, त्यामुळे त्यावर इमारत उभारू नये. पण लाखीशचे लोक त्याच कनानी जगाचे वारस होते, हे विसरूनही चालणार नाही.

प्रत्यक्ष मिश्रण असे ठेवले आहे : यलो ऑकर दोन भाग, बर्न्ट सिएना एक भाग आणि टायटेनियम व्हाइट अर्धा भाग. अॅक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो आणि लहान आकृतीवर कोणताही रंग मोठ्यापेक्षा काळोखा वाटतो, हे धरून बेस मुद्दाम अर्धा टप्पा उजळ ठेवला. सावलीसाठी रॉ अंबरचे पातळ ग्लेझ; काळा रंग त्वचेत कुठेही नाही, कारण त्याने चेहरा मळकट होतो. दाढीखाली अल्ट्रामरीनचा अगदी पुसट थर दिला. पुरुषाच्या मानेवर, कपाळावर आणि हातांवर बर्न्ट सिएनाचा जादा थर चढविला आहे आणि बाही वर सरकलेल्या दंडावर मूळ बेस तसाच सोडला आहे. स्त्रिया फिकट दाखविण्याची मिसरी रीत मी नाकारली. गाडीतील वयस्क स्त्री या कुटुंबातील सर्वांत रापलेली व्यक्ती आहे, कारण मळ्यात तिची वर्षे सर्वांत जास्त गेली असणार. मुले तिच्यापेक्षा उजळ आहेत. गाडीमागच्या अश्शूरी शिपायांसाठी वेगळी वाटी काढलेली नाही.

पुढील टप्पा वस्त्रांचा. दक्षिण इस्राएलमधील तिम्ना येथील तांब्याच्या खाणींच्या वस्तीत सापडलेल्या, लाखीशपेक्षा दोन-तीन शतके जुन्या लोकरी कापडांवर मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा तांबडा आणि वनस्पतिजन्य निळा असे दोन्ही रंग आढळले आहेत; पुरुषाच्या फडक्याच्या काठाला तांबडा द्यायचा माझा विचार आहे. स्त्रियांच्या ओढण्या न रंगविलेल्या लोकरीच्या ठेवाव्यात की त्यांनाही एखादी किनार द्यावी, याविषयी वस्त्रे रंगविणाऱ्या सदस्यांचे मत हवे आहे. कोणी रंगविलेल्या लोकरीचे नमुने जवळ बाळगून असेल, तर त्यांची दिवसाउजेडी घेतलेली छायाचित्रे पाठवावीत.