कातळशिल्पांवर ड्रोन उडवणार असाल तर जांभ्याची धूळ सांभाळा

फेब्रुवारीत तीन दिवस राजापूर तालुक्यातली कातळशिल्पं (उघड्या खडकावर कोरलेली जुनी चित्रं) बघून आलो, बारसू, देवाचे गोठणे आणि कशेळी. गवत वाळून सडा (जांभ्याचं उघडं पठार) मोकळा झाला की जायचं हे बरोबरच आहे, पण तेव्हा लाल धूळही तेवढीच असते आणि ड्रोनवाल्यांनी सगळ्यात जास्त भ्यायचं ते तिला.

कशेळीचा हत्ती जवळजवळ 18 मीटर लांब आहे, पोटात कितीतरी प्राणी कोरलेत, पण शेजारी उभं राहून नुसत्या चऱ्या दिसतात. जागामालकाला विचारून ड्रोन वर नेला, कॅमेरा सरळ खाली केला आणि स्क्रीनवर सोंड दिसली तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

संध्याकाळी कशेळीच्याच देवघळी किनाऱ्यावर समुद्राचे फोटो काढले. रात्री लॅपटॉपवर बघतो तर आकाशात उजवीकडे तीन करडे ठिपके, कडा विरलेल्या, आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी. मग हत्तीचे फोटो मोठे करून बघितले, तिथेही होतेच, खडबडीत कातळात लपलेले. म्हणून सांगतो, सड्यावरचे फोटो चांगले दिसले म्हणून कॅमेरा स्वच्छ आहे असं समजू नका.

एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच) काढला, ब्लोअरने हवा मारली, लेन्स पुसली, ठिपके जागचे हलले नाहीत म्हणजे धूळ आत सेन्सरवर, फोटो टिपणाऱ्या चिपवर. लेन्स निघत नाही म्हणून आत काही जाणार नाही असं मी धरून चाललो होतो पण फोकसचे भाग हलतात, बारीक फटी असतात आणि टेकऑफला पंख्यांच्या वाऱ्याने सगळी माती कॅमेऱ्यावरच उडते. कॅमेरा खोलायच्या भानगडीत पडू नका, डब्यातली कॉम्प्रेस्ड हवा तर अजिबात मारू नका, तिच्या जोराने गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा, बिघडू शकतो. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

प्रवासात असताना उपाय एवढाच की अपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) उघडं ठेवा, एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं ते बारीक. मी दुपारच्या उन्हात एफ 11 वर काढत होतो, अपर्चर जेवढं बारीक तेवढी धुळीची सावली ठळक, एफ 4 वर तेच ठिपके जवळपास दिसेनासे झाले. ऊन जास्त असेल तर एनडी लावा. निघायच्या आदल्या दिवशी एफ 11 वर मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. काढलेले फोटो लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) सुधारतात, ठिपके एकाच जागी असल्याने एका फोटोत हील करून, म्हणजे ठिपके पुसून, तीच दुरुस्ती बाकीच्यांना सिंक करायची, फक्त नंतर प्रत्येक फोटो एकदा नजरेखालून घाला.

टेकऑफ-लँडिंगला मोठी ताडपत्री न्या, चार कोपऱ्यांवर दगड ठेवा (सड्यावरचे सुटे, शिल्पाजवळचे नाहीत). शिल्पावर ड्रोन उतरवू नका, चपला घालून चढू नका. देवाचे गोठण्याला कातळात चुंबकीय गडबड आहे, होकायंत्र तिथे चुकीची दिशा दाखवतं, त्यामुळे लांबूनच उडवा आणि कंपासची वॉर्निंग आली तर ड्रोन बॅगेत. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवर तिथे उडवायला परवानगी आहे का, म्हणजे झोन कुठला, ते आधीच बघून घ्या.

आणि बारसूला सकाळी लवकर पोचा. तिरप्या उन्हात दोन वाघांमधला तो माणूस रेषेन् रेष उठून दिसतो, उजेडही मवाळ असतो, एफ 11 वर जायची वेळच येत नाही.