सासूबाईंवर गुन्हा नाही, असं मी लिहून दिलं

घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसावर गेल्या पाच वर्षांत अमुक अमुक गुन्हे शाबीत झालेले नाहीत, असं मी परवा शपथेवर लिहून दिलं. नोटरीने शिक्का मारला. घरात सध्या सासूबाई आहेत, म्हणजे त्याही त्यात आल्या. घरी येऊन सांगितलं तेव्हा त्या देवाची भांडी घासत होत्या. तांब्या तसाच हातात धरून म्हणाल्या, "म्हणजे शंका होती का तुला?"

मोठ्या मुलाला आम्ही शाळेतून काढलंय, हे निम्म्या नातेवाइकांना कळलंय आणि उरलेल्यांना आता कळेल. मीच शिकवते त्याला, घरी. हे दुसरं वर्ष. इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात, त्यासाठी दर वर्षी १ ऑगस्टच्या आत असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. मुलाच्या लसींचे दाखले, विषयवार उद्दिष्टं, शिकवणारी व्यक्ती निदान हायस्कूल पास असल्याची ग्वाही (माझी एम.एस्सी. या देशात पहिल्यांदा कुठे तरी उपयोगी पडली), वर्षाला १८० दिवस किंवा ९०० तास अभ्यास. तेव्हा "पोराला घरी बसवलंय" म्हणणाऱ्यांनी आधी ही कागदपत्रं करून दाखवावीत.

कारण सगळ्यांना एकच सांगते: अभ्यास हळू चालतो शाळेत. खरं कारण एवढंसं आहे. दुसरीत जायच्या आधीची गोष्ट. वाढदिवसाला मित्र येणार होते. मी फुगे फुगवत होते आणि हा खुर्चीवर चढून देव्हाऱ्यावर बेडशीट टाकत होता. चारी कोपरे नीट ओढून, गादीवर घालतात तसं. मी काही बोलले नाही. मित्र आले, केक कापला, गेले. रात्री मीच ते बेडशीट काढलं आणि घडी घालताना हात थरथरत होते.

यात शाळेची चूक काढता येत नाही, हे मला कळतं. सरकारी शाळेने कुठल्याच देवाकडे झुकायचं नाही, हाच इथला नियम. तोही याच राज्यातल्या खटल्यातून आलाय. पूर्वी इथे शाळेत रोज बायबलातली दहा वचनं वाचायचा कायदा होता. ॲबिंग्टनच्या एका कुटुंबाने दाद मागितली आणि १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. माझ्या शेजारणीच्या मते सगळं तिथेच बिघडलं. तिने पाचही मुलं घरी शिकवली, बायबल मध्यभागी ठेवून. तेव्हा बायबल चालू राहिलं असतं तर माझ्या पोराने त्या दहा वचनांच्या वेळी काय केलं असतं, हे मी तिला विचारलेलं नाही. शेजारधर्म.

तिच्याकडची पद्धत बघून मात्र मी अवाक् झाले. लहान वयात फक्त पाठांतर. पाढे, सनावळ्या, स्तोत्रं, लॅटिनची रूपं, सगळं चालीत, घोळून घोळून. अर्थ मागाहून, वाद त्याहून मागाहून. याला ते 'क्लासिकल' म्हणतात आणि त्यावर जाडजूड ग्रंथ आहेत. आपण याला घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडली! माझ्या आजोबांना पावकी, निमकी, दीडकी, औटकी झोपेतून उठवून विचारली तरी यायची, आणि आम्ही भावंडं हसायचो. आता मी औटकी इंटरनेटवर शोधून आधी स्वतः पाठ करतेय. साडेतीनचा पाढा! सात साडेचोवीस जमतं, तेरावर अजून अडखळते.

विज्ञानाची पुस्तकंही शेजारीण देत होती. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे म्हणे. गोड बोलून परत केली. मग घरी येऊन बसले तर चिरंजीव विचारतात, पुष्पक विमानाला इंधन कुठलं. मी म्हटलं, ही गोष्ट आहे. "मग रामरक्षा पण गोष्ट आहे?" त्या दिवशी अभ्यास लवकर सुटला.

सगळ्यात लाडका विषय सांगायचा राहिलाच. इंग्रजी, गणित, भूगोल, राज्याचा इतिहास यांच्या यादीत कायद्याने सक्तीचा आणखी एक विषय आहे: आगीचे धोके आणि आग लागू नये म्हणून घ्यायची काळजी. तोही नेमाने, सतत शिकवायचा. पोराने अमेरिकेत राहून सोमवार ते शुक्रवार आगीचं काय शिकायचं? मला तर आधी हसूच आलं. मग संध्याकाळी बघितलं, हा निरांजन लावत होता. बाही कोपरापर्यंत वर सारलेली, काडी स्वतःपासून लांब ओढलेली, विझवून वाटीतल्या पाण्यात टाकलेली, चुर्र आवाज येईपर्यंत कान देऊन. पडदा वाऱ्याने हलला तर ताम्हन सरकवलं. हे त्याला मी शिकवलेलं नव्हतं, गेल्या वेळी आल्या तेव्हा आजीने शिकवलं. मी नोंदवहीत लिहिलं: 'अग्निसुरक्षा, १० मिनिटं.' रोज.

जूनमध्ये मूल्यांकनाला बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, गळ्यात क्रूस. कायद्याप्रमाणे त्यांनी वही चाळायची आणि मुलाशी बोलायचं. त्या दहा मिनिटांच्या रांगेवर बोट ठेवून म्हणाल्या, हे काय? पोटात गोळा आला. मी देव्हारा दाखवला. त्यांनी पाण्याची वाटी बघितली, करपलेल्या काड्या बघितल्या आणि म्हणाल्या, बहुतेक घरांतून या विषयाखाली अग्निशामक केंद्राच्या सहलीचा एक फोटो मिळतो. मग पाठ काय येतं विचारलं. त्याने रामरक्षा सुरू केली. अर्थ विचारला तर ओळीओळीला स्वतःच्या अंगावर हात ठेवत गेला: डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, थेट पावलांपर्यंत. बेडशीटवाला हाच. बाईंनी सही केली.

यंदा तिसरी. तिसरीला ठरलेल्यांपैकी एक परीक्षा द्यावीच लागते आणि ती आईवडिलांनी घ्यायची नाही, असा नियम. हे ऐकून सासूबाई भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "मग मी घेते की. माझ्यावर गुन्हा नाही, असं तू लिहून दिलंयस ना!"