धंद्यांच्या नावांचा संग्रह: दिवाळीपर्यंत कुठवर आलो

भाषेवार कप्पे अखेर मोडून टाकले. गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझ्या चिठ्ठ्या (एका चिठ्ठीवर एक नाव) मराठी, फारसी, अरबी, तुर्की, जर्मन अशा लावलेल्या होत्या; संग्रह वाढत होता, पण त्यातून हाती काही लागत नव्हतं. आता सगळी नावं शेवटावरून लावली आहेत: -कार आणि -आर एकत्र, मग -गर, -दार, -ची, -नीस. धंद्यांची, कसबांची, छंदांची नावं जमवणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवेन. नाव कुठल्या वाटेने गावात आलं, ते बहुतेक वेळा त्याच्या शेवटच्या एकदोन अक्षरांत सापडतं.

सुरुवात अगदी जवळच्यांपासून केली. सोनार म्हणजे सुवर्णकार, लोहार म्हणजे लोहकार, कुंभार म्हणजे कुंभकार, कासार म्हणजे कांस्यकार. प्राकृतातून येता येता 'कार'मधला 'क' झिजला आणि 'आर' तेवढा उरला. सुतार याच रांगेत उभा दिसतो, पण तो निराळा. त्याचं मूळ सूत्रधार, सूत धरणारा. नाटकात नांदीनंतर पुढे येतो तोही सूत्रधारच.

मग फारसी चिठ्ठ्या शेजारी मांडल्या. जिनगर म्हणजे घोड्याचं जीन बनवणारा. शिकलगार म्हणजे हत्यारं घासून-पुसून लखलखीत करणारा. त्यातला 'सैकल' अरबी आणि 'गर' फारसी. सौदागरही याच घरचा. हा फारसी 'गर' आणि संस्कृत 'कार' एकाच प्राचीन धातूपासून निघालेत, 'करणे' या अर्थाच्या. तसाच फारसी 'दार' आणि संस्कृत 'धार', दोघेही 'धरणे'चे. म्हणजे हवालदार, जमादार, किल्लेदार यांच्यातला उघड दिसणारा 'दार' आणि सुतारात दडलेला 'धार' हे एकमेकांचे चुलत भाऊ लागतात. भाषेवार कप्प्यांत ही नाती कधीच समोर आली नसती. शिकलगाराशेजारी सोनार आणि हवालदाराशेजारी सुतार अशा चिठ्ठ्या टेबलावर आल्या तेव्हा झालेला आनंद नावं जमवणाऱ्या इथल्या मंडळींना समजावून सांगायला नको.

एक भान मात्र या कामात सतत ठेवावं लागतं. जर्मन श्मिट, हंगेरियन कोवाच, रशियन कुझनेत्सोव, इटालियन फेरारी ही सगळी मुळात लोहाराची आडनावं. पण त्या नावांवरून कुणी कुणाच्या विहिरीवर पाणी भरायचं हे ठरत नव्हतं. आपल्याकडे धंद्याचं नाव जात होऊन बसलं, आणि ते कितीकांना शिवीसारखं ऐकावं लागलं. म्हणून चिठ्ठी भरताना मी माणसाला 'तुम्ही कोण?' असं विचारत नाही. 'हे काम करणाऱ्याला काय म्हणतात?' एवढंच विचारतो. आमच्या कोल्हापूरच्या चप्पल गल्लीत याचं उत्तर 'कारागीर' असं येतं आणि माझ्या वहीतही तेच उतरतं. जाता जाता: इंग्रजीत नव्या कातड्याचे जोडे करणाऱ्याला जुना शब्द 'कॉर्डवेनर', फ्रेंचमध्ये 'कोर्दोनिये', दोन्ही स्पेनच्या कोर्दोबा शहरातल्या कातड्यावरून आलेले. तिथे शहराचं नाव कारागिराला मिळालं. आपल्या शहराचं नाव चपलेला मिळालं. ती घडवणाऱ्याला नाही. ही गोष्ट मला लागते.

या हंगामात सगळ्यात जास्त वेळ दिला तो गुळाचे सौदे होतात त्या शाहू मार्केट यार्डाला. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. आता सौदे यार्डात निघतात आणि दिवाळी पाडव्याचा मुहूर्ताचा सौदा बघायला मीही जातो. ओळखीच्या एका शेतकऱ्याने मला गुळाच्या विक्रीची जुनी पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, दिली. रव्यांची (ढेपांची) संख्या, वजन, दर, आणि खाली वजावट: हमाली, तोलाई. मी काट्याजवळच्या एका वयस्कर हमालांना विचारलं, "मामा, हमाली तुमची, मग तोलाई कुणाची?" ते म्हणाले, "तोलाईदाराची की! आमी उचलणार, त्यो तोलणार." तोलाई आपली, संस्कृत 'तुला'पासून आलेली, आणि तिला जोडलेला 'दार' फारसी. आणि मामांच्या स्वतःच्या कामाचं नाव अरबी.

इथे शेवट पाहून भागत नाही, कारण अरबी भाषा धंद्याचं नाव साच्यातून काढते. तीन व्यंजनांचा धातू घ्यायचा, मधलं व्यंजन दुप्पट करायचं, त्यापुढे लांब 'आ' घालायचा: ते काम सतत करणारा माणूस तयार. 'ह-म-ल' म्हणजे वाहून नेणे, म्हणून हम्माल. 'द-ल-ल' म्हणजे वाट दाखवणे, म्हणून दल्लाल. नाणी बदलून देणारा सर्राफ, कापड विकणारा बज्जाज, सुगंधी द्रव्यं आणि औषधी विकणारा अत्तार, भाजीपाल्यापासून सुरू होऊन किराण्यावर आलेला बक्काल, तुंबडी लावून रक्त काढणारा हज्जाम, फटके मारणारा जल्लाद. मराठीत येताना काहींचं जोडाक्षर सुटलं: हमाल, दलाल, सराफ, हजाम. काहींचं टिकलं: अत्तार, बक्काल, जल्लाद. यार्डातून निघून सराफांच्या गुजरीपर्यंत आलात तर वाटेत या एका साच्यातली चार-पाच नावं दुकानांच्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी भेटतात. इस्तंबूलमध्ये कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आजही 'बक्काल'च आहे. स्पेनमध्ये गवंड्याला 'आल्बान्यिल' म्हणतात. तो अरबी 'अल-बन्ना', बांधणारा. हा साचा हाताशी आला की अनोळखी अरबी आडनावही वाचता येतं. नज्जार सुतार, हद्दाद लोहार, खय्यात शिंपी.

गुऱ्हाळावरची चिठ्ठी एकच भरली, पण ती मला फार मोलाची वाटते: गुळव्या. चुलवाणावर काहील (उसाचा रस आटवायची मोठी कढई) चढली की पुढचा सगळा निर्णय त्याचा. मळी कधी काढायची, जाळ कधी कमी करायचा, आणि शेवटी काहील उतरवायची कधी. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून तो बोटांनी गोळी वळून बघतो; क्षणभर उशीर झाला तरी आख्खं आधण बिघडतं. गुळव्या हे नाव हाताच्या कसबाचं आहे, त्याला जात चिकटलेली नाही, म्हणूनही मला ते आवडतं. याचा जोडीदार शोधत होतो, तो जपानात सापडला. तिथे साके, म्हणजे तांदळाची दारू, तयार करणाऱ्यांच्या प्रमुखाला 'तोजी' म्हणतात. नानबू, एचिगो, तांबा या भागांतले शेतकरी शेतीची कामं आटोपली की हिवाळाभर साकेच्या भट्टीवर जायचे आणि त्यांच्यातला जाणता तो तोजी. हंगामी काम, पिकाशी बांधलेलं, आणि शेवटचा शब्द एका माणसाच्या जिभेचा आणि नजरेचा. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पाकिटात ठेवल्या आहेत.

तालमीतल्या शब्दांवर कोल्हापुरात राहून लिहिलं नाही तर लोक विचारतील. तालीम अरबी, अर्थ शिकवणूक. वस्ताद फारसी 'उस्ताद'. पैलवान फारसी 'पहलवान', म्हणजे मुळात पार्थियन, आपल्या जुन्या ग्रंथांतले पह्लव. तुर्कस्तानात एदिर्ने शहराजवळ किर्कपिनारच्या कुस्त्या होतात, अंगाला तेल चोळून. तिथल्या मल्लाला 'पेहलिवान' आणि विजेत्याला 'बाशपेहलिवान' म्हणतात. खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या मातीत वाढलेला आपला पैलवान तिथे गेला तर स्वतःच्या कामाचं नाव त्याला दुभाष्याशिवाय कळेल.

तुर्कीवरून -ची कडे. हा शेवट मला सगळ्यात दूर फिरलेला वाटतो. तुर्कीत मासा 'बालिक', कोळी 'बालिकची'. घड्याळवाला 'सातची', लोहार 'देमिरजी'. सर्बियात बुरेक (सारण भरलेला खाद्यपदार्थ) विकणारा 'बुरेगजिया'. मंगोलियात गुरं राखणारा 'मालचिन'. फारसीच्या मार्फत तो आपल्याकडे तोपची, खजांची, मशालजी, तबलजी म्हणून उतरला. तबलजीतला 'जी' आदरार्थी वाटतो, पण तो हाच 'ची'. उलट इचलकरंजीत यंत्रमागाच्या पेढीवर हिशेब ठेवणारे दिवाणजी, त्यांच्यातला 'जी' मात्र खरोखर मानाचा. यातला 'दिवाण'ही पुष्कळ हिंडलाय: फारसीत दप्तर आणि दरबार, संस्थानात मंत्री, आणि भूमध्य समुद्रापलीकडे इटालियन 'दोगाना', फ्रेंच 'दुआन', म्हणजे जकात खातं. मंगोलियाचा विषय निघालाच आहे तर 'नोकर'ही सांगतो. तो मंगोल 'नोकोर', सरदाराचा साथीदार. तिथे आजही त्या शब्दाचा अर्थ मित्र, नवरा असा होतो. आपल्यापर्यंत येताना साथीदाराचा चाकर झाला.

-नीसची चिठ्ठी थोडक्यात. फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा: चिटणीस, फडणीस, वाकनीस, पारसनीस. शिवरायांच्या काळात राज्यव्यवहारकोशात फारसी पदनामांना संस्कृत पर्याय दिले गेले. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, वाकनीसाचा मंत्री. दरबारात नावं बदलली तरी जुनी नावं घराघरांत आडनावं होऊन राहिली.

स्त्रियांच्या नावांचा गठ्ठा वेगळा केला आहे. कुंभारीण, सुतारीण म्हणजे त्या त्या कारागिराची बायको. पण मास्तरीणबाई स्वतः शिकवणारी. 'ईण' एकच, हक्क निराळा. जर्मनमध्येही 'फ्राउ डॉक्टर' पूर्वी डॉक्टरच्या पत्नीलाच म्हणत. इंग्रजी 'स्पिन्स्टर' मुळात सूत कातणारी. पुढे तिच्या कामाचं नाव पुसलं गेलं आणि लग्न न झाल्याची तेवढी नोंद शिल्लक राहिली. घाटावर कुंभारकामात निम्मा घाम बायकांचा असतो, माती मळण्यापासून गणपती रंगवण्यापर्यंत, आणि त्यांच्या कामाला स्वतंत्र नाव नाही. हा गठ्ठा मी सगळ्यात काळजीने वाढवणार आहे.

आता छंदांची नावं, कारण इथले बरेच जण त्यांचीच वाट बघत असतात. इंग्रजी 'हॉबी' म्हणजे मूळ छोटा घोडा, मग पोरांचा काठीचा घोडा, मग आवडीचा विषय. जर्मन 'श्टेकेनफेर्ड' अक्षरशः काठीचा घोडा, डच 'स्टोकपार्द्ये' तोच, आणि फ्रेंच 'दादा' हा लहान मुलांच्या तोंडचा घोडा. फ्रेंचांकडे आणखी एक गोड प्रयोग आहे, 'अँग्रचं व्हायोलिन': चित्रकार अँग्र (1780 ते 1867) मनापासून व्हायोलिन वाजवत, म्हणून पोटापाण्याच्या कामाबाहेरच्या मोठ्या आवडीला ते नाव पडलं. युरोपभर घोडा, आपल्याकडे आवाज. छंद म्हणजे वृत्तही, नाद म्हणजे ध्वनीही. कोल्हापुरात तर 'नाद' ही सर्वोच्च पदवी आहे. कबुतरांचा नाद, बैलांचा नाद, फुटबॉलचा नाद, आणि कौतुकाची हद्द झाली की 'नाद खुळा!' माझ्या मते 'छंद' हा शब्द शाळेच्या निबंधासाठी ठीक आहे, आपण जे करतो त्याला नादच म्हणावं.

आणि हौस. अरबी-फारसी 'हवस'. हिंदीत ती वासना झाली. मराठीने तिला हौस केलं, डोहाळजेवणात, लग्नात, बांगड्या भरताना घरोघर नांदवलं. पैशासाठी नव्हे तर आवडीने नाटक करणारा तो हौशी कलाकार. राज्य नाट्य स्पर्धेच्या नावातही 'हौशी' आहे. इंग्रजी 'अमॅच्युअर'च्या मुळाशी लॅटिन प्रेम आहे, पण तो शब्द आज कच्चेपणा दाखवायला वापरतात. हौशी शब्दात प्रेम अजून शाबूत आहे.

पुढचं काम उद्यमनगरात. फौंड्रीत आणि लेथवर वापरली जाणारी नावं उतरवायला घेतली आहेत: मोल्डर, टर्नर, फिटर, हेल्पर. पहिली चिठ्ठी मेस्त्रीची भरली. मेस्त्री पोर्तुगीज 'मेश्त्र'वरून आला, मास्तर इंग्रजीतून, आणि दोघांचं मूळ एकच लॅटिन 'माजिस्तेर'. शिंप्यालाही आपण मास्तर म्हणतो, बँडवाल्यालाही. कोकणात, गोव्यात, बेळगावात मेस्त्री नेमका कुणाला म्हणतात, सुताराला, गवंड्याला की मोटार दुरुस्त करणाऱ्याला, हे तिथल्या मंडळींनी गावाच्या नावासकट कळवावं. तेवढं आलं की या चिठ्ठीचा नकाशा काढायला घेईन.