तुम्ही विचारलंत म्हणून: बरोबर काय काय न्यायचं?

स्वयंसेवक म्हणून परदेशी जायचं ठरलं की बरेच जण मला गाठतात आणि पहिला प्रश्न हमखास सामानाचा असतो. मी उष्ण कटिबंधातल्या एका देशात, खेड्यातल्या आरोग्य केंद्रात औषधसाठ्याच्या नोंदींचं काम करायला गेले होते, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. सामानाचं उत्तर छोटं आहे. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्याला बांधायची बॅटरी, कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी, रोजची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी. बाकीचं तिथे मिळतं. तिथेही माणसंच राहतात.

ज्यांनी बोलावलंय त्यांच्या डोक्याला आपला ताप होऊ नये, ही खरी तयारी. तिला बॅगेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

लशींचंच घ्या. यलो फीव्हर म्हणजे डासांमुळे होणारा पीतज्वर. त्याची लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रांवर मिळते आणि काही देशांत शिरताना दाखवावं लागणारं तिचं प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं. विमानाच्या आदल्या दिवशी टोचून घेऊन भागत नाही. जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. रेबीजची लस आधी घ्यावी का, हे फारसं कुणी विचारत नाही, मी मात्र आवर्जून सांगते. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दोनच डोसांची आहे, एका आठवड्याच्या अंतराने. कुत्रा चावला तर पुन्हा लस घ्यावी लागतेच, पण इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे जखमेत टोचायच्या तयार प्रतिपिंडांची, गरज राहत नाही. आडगावात नेमकं तेच मिळत नाही.

मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांवरून सगळ्यात जास्त हुज्जत होते. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यायची आणि तिच्यामुळे ऊन जास्त बाधतं. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण काहींना तिने भयंकर स्वप्नं पडतात, म्हणून ती निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करून बघतात. कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. "मला लहानपणी मलेरिया होऊन गेलाय, आता काही होत नाही," असं म्हणणारे भेटतात. ती प्रतिकारशक्ती फार वर्षं टिकत नाही. आणि मच्छरदाणीवर सगळी भिस्त ठेवू नका. मलेरियाचा डास रात्रीचा, पण डेंग्यूचा दिवसाढवळ्या चावतो आणि डेंग्यूला टाळणारी गोळी नाही.

आमच्यातल्या एकाने मळमळतं म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या. त्याला थंडी वाजून ताप भरला. केंद्राकडे गाडी एकच. ती त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. त्या दिवशी नदीपलीकडच्या वस्तीवर लसीकरण ठरलेलं होतं. आया बाळांना घेऊन सकाळपासून झाडाखाली बसून राहिल्या आणि दुपार कलल्यावर उठून गेल्या. तो चार दिवसांत बरा झाला. त्या आयांना पुन्हा गोळा करायला मात्र महिना गेला. गोळ्या कुणासाठी घ्यायच्या, यावर मी तेव्हापासून वाद घालत नाही.

दुसरी तयारी कामाची. निघण्याआधी संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा: हे काम कुणी मागितलंय, आपल्या आधी ते कोण करत होतं आणि आपण गेल्यावर कोण करणार. नीट उत्तर आलं नाही तर जाऊ नका, असंच माझं मत आहे. अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांशी खेळायला पैसे भरून नेणाऱ्यांकडे तर फिरकूच नका. मुलं जीव लावतात आणि पाहुणे निघून जातात. शिवाय अशा पाहुण्यांसाठी आईबाप असलेली मुलंही तिथे आणून ठेवल्याचं उघडकीला आलंय. पीस कोअर या अमेरिकेच्या सरकारी स्वयंसेवक संस्थेची नेमणूक २७ महिन्यांची असते, त्यातले पहिले तीन निव्वळ प्रशिक्षणाचे. भाषा, माणसं, रीतभात कळायला एवढा वेळ लागतो, हे त्यांनी गृहीतच धरलंय.

मला संस्थेने पाठवलं होतं ते नोंदी संगणकावर आणायला. केंद्राच्या सिस्टरनी पहिल्या सकाळी मला लशींच्या फ्रिजपाशी उभं केलं. दारावर तक्ता टांगलेला, त्याला दोऱ्याने बांधलेलं पेन. दिवसातून दोनदा तापमान लिहायचं, सुट्टीच्या दिवशीही. २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं तर लगेच वर कळवायचं. मागच्या कित्येक महिन्यांत एक चौकोन रिकामा नव्हता. वीज मात्र मनाला येईल तेव्हा जायची आणि पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की शेजारी बसलेल्याचंही ऐकू यायचं नाही. माझ्या लॅपटॉपकडे बघत सिस्टरनी शांतपणे विचारलं, "आणि तू गेल्यावर हे कोण भरणार?"

पुढचे काही आठवडे मी औषधाची खोकी उचलली, मुदत संपलेली बाजूला काढली आणि नावं पाठ केली. मग आम्ही दोघींनी त्यांच्याच कागदी वहीत एक रकाना वाढवला: साठा किती उरला की नवीन मागवायचा. तो आकडा त्यांनी ठरवला, अक्षरही त्यांचंच. लॅपटॉप मी संस्थेला अहवाल पाठवण्यापुरता उघडायचे. अहवालात संगणकीकरण झालं नाही असं स्पष्ट लिहिलं आणि का ते कळवलं. संस्थेला ते फारसं रुचलं नाही.

परतीचंही सांगून ठेवते, कारण ते कुणी विचारत नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन चालू असेल तर परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. आणि वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना कुठे राहून आलात ते त्यांनी विचारायच्या आधी सांगा.