पत्रक, पतसंस्था आणि नववा अपवाद

माझे अशील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीचे सहा लाख रुपये त्यांनी नागपुरातल्या एका पतसंस्थेत ठेवले होते. 2016 साली संस्था ठेवी परत द्यायला टाळाटाळ करू लागली, तेव्हा आमसभेच्या दिवशी सभागृहाच्या दारात उभं राहून त्यांनी एक पत्रक वाटलं. अर्ध्या कागदाचं, कोपऱ्यावरच्या दुकानात टाइप करून झेरॉक्स काढलेलं. ज्या मजकुरावर खटला उभा राहिला तो एवढाच : "अध्यक्षांनी आपल्या जावयाला विनातारण 40 लाख कर्ज दिले. एकही हप्ता आला नाही. सभासदांनो, आपल्या ठेवी कुठे आहेत ते विचारा."

हे त्यांनी मनानं लिहिलं नव्हतं. उपनिबंधक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून त्यांनी आधी लेखापरीक्षण अहवालाची प्रत मिळवली, ती वाचली आणि मगच लेखणी उचलली. ही प्रत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, माहिती अधिकाराच्या अर्जासह आणि पोचपावतीसह जपून ठेवली आहे. कंडक्टरकीत हिशेबाची सवय लागते, ती अशी कामाला येते.

अध्यक्षांनी तक्रार केली 2018 मध्ये. बदनामीचा दिवाणी दावा एका वर्षाच्या आत लावावा लागतो, ती मुदत केव्हाच उलटली होती. शिवाय दिवाणी दाव्यात जेवढी भरपाई मागाल त्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. फौजदारी तक्रारीला मुदत 3 वर्षांची आणि खर्च म्हणाल तर वकिलाची फी. ज्याला भरपाई नकोच आहे, समोरच्याला फक्त पेशीवर पेशी फिरवायचं आहे, त्याच्यासाठी हाच रस्ता सोयीचा. दंडाधिकाऱ्यांनी तक्रारदाराचा जबाब घेतला, प्रोसेस इश्यू झाली, म्हणजे समन्स निघालं, आणि आमचे काका भारतीय दंड संहितेच्या कलम 500 खाली आरोपी झाले.

पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलेला प्रश्न अजून कानात आहे. "ताई, म्या खरंच लिवलं ना जी? मंग मले काऊन बोलावते कोर्ट?"

याचं उत्तर मला त्यांना नीट बसवून सांगावं लागलं. कलम 499 ला दहा अपवाद आहेत. पहिला अपवाद सत्याचा. पण नुसतं सत्य पुरत नाही, ते प्रसिद्ध करणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. नववा अपवाद स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेनं केलेल्या आरोपाचा. ठेवीदारानं ठेवीदारांना सावध करणं याच्याहून नेमकं त्यात काय बसेल? मात्र आपण अपवादात बसतो हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं. आणि ते सिद्ध करायची वेळ येते खटल्याच्या शेवटी : तक्रारदाराची साक्ष संपल्यावर, आरोपीचा जबाब झाल्यावर, बचावाच्या पुराव्याच्या टप्प्यात. हे प्रकरण समन्स केस म्हणून चालतं आणि खासगी तक्रारीवरच्या समन्स केसमध्ये मधेच दोषमुक्ती मागायची सोय नाही; 2004 पासून सर्वोच्च न्यायालयाचे तसे निवाडे आहेत. उच्च न्यायालयात जाऊन तक्रार रद्द करून घेता येते, पण तिथला खर्च निवृत्त कंडक्टरला झेपत नाही. म्हणजे अहवाल पहिल्या दिवसापासून पिशवीत, पण तो कोर्टापुढे मांडायला वर्षं जायची.

ही वर्षं कशी गेली ते मी जवळून पाहिलं आहे. मधे कोविड आला, न्यायाधीश बदलले, तक्रारदार आजारी, तक्रारदाराचे वकील दुसऱ्या कोर्टात. काका मात्र प्रत्येक पेशीला मानेवाड्याहून बसनं येत आणि पुकारा होण्याआधी दाराशी उभे असत. हजेरी माफीचा अर्ज देऊ म्हटलं तर नको म्हणायचे. आपण घाबरून आलो नाही असं समोरच्याला वाटू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

शेवटी डिसेंबरात अध्यक्षांचा उलटतपास लागला. अधिवेशनाचे दिवस होते. सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड लागलेले, मोर्चे अडवलेले, त्यामुळे मी गाडी लांब ठेवून चालत कोर्ट गाठलं. व्हरांड्यात समोरचे वकील भेटले. भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "मॅडम, दोन ओळींचा माफीनामा द्या, मी पुरसिस टाकतो, आजच मिटवू." पुरसिस म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन. अशिलापुढे प्रस्ताव ठेवणं माझं कर्तव्य होतं, मी ठेवला. काकांनी क्षणभरही विचार केला नाही. "पैसे माहेच बुडाले अन् माफी बी म्याच मांगू काय जी?"

अकराच्या सुमारास पुकारा झाला. अध्यक्ष साक्षीच्या पिंजऱ्यात आले. पत्रकातला जो शब्द त्यांना सर्वांत सोयीचा होता, तोच त्यांनी सरतपासात, म्हणजे स्वतःच्या वकिलानं घेतलेल्या साक्षीत, धरला होता : "मला जावईच नाही." आणि ते खरंही होतं. कर्जदार त्यांच्या पुतण्याचा मेहुणा होता. रक्कमही 40 लाख नव्हती, 38 लाख 60 हजार होती. पत्रक खोटं आहे, हे दाखवायला एवढं पुरेसं आहे असा त्यांच्या बाजूचा सगळा भर.

मी नात्याला हात लावलाच नाही. सहकार कायद्यात लेखापरीक्षकानं दोष दाखवला की संस्थेला दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. त्याची सही-शिक्क्याची नक्कल आम्ही मिळवली होती. ती साक्षीदारापुढे ठेवली.

"यावर अध्यक्ष म्हणून सही आहे, ती तुमची?"

"होय."

"लेखापरीक्षकांनी संचालकांच्या नातेवाइकाला पुरेशा तारणाशिवाय कर्ज दिल्याचा दोष दाखवला होता, हे म्हणणं खरं आहे?"

थोडं थांबून, "होय."

"या दोषापुढे संस्थेनं 'मान्य, वसुलीची कार्यवाही सुरू आहे' असं लिहिलं आहे. हे लिहिताना एकही हप्ता आलेला नव्हता?"

ते आपल्या वकिलांकडे पाहू लागले. न्यायाधीश म्हणाले, "इकडे बघून उत्तर द्या." मग उत्तर आलं, "आलेला नव्हता."

स्टेनोच्या बोटांखाली ते वाक्य जबाबात उतरलं आणि नक्कल निशाणीवर गेली, म्हणजे पुरावा म्हणून नोंदली गेली. पत्रकातलं सार अध्यक्षांच्या स्वतःच्या सहीनं, पत्रक वाटायच्या आधीच मान्य झालेलं होतं. मी काकांकडे वळून पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते आणि रडत होते.

मला त्या क्षणी आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. हा कागद 2018 मध्येही सरकारी दप्तरात होता. समन्स काढण्यापूर्वी कुणी काकांना एवढंच विचारलं असतं की, बाबा, तू हे कशावरून लिहिलंस, तर ही सगळी वर्षं त्यांच्या आयुष्यातून गेली नसती.

ते विचारण्याची सोय आता झाली आहे, आणि योगायोग असा की त्याच दुपारी, त्याच इमारतीत, मला ती वापरायला मिळाली. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले. बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत 356 झालं. व्याख्या आणि दहाही अपवाद जवळपास जसेच्या तसे, शिक्षा 2 वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि नवीन म्हणजे समाजसेवेचा पर्याय. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती समाजसेवेची. माझ्या मते खरा बदल शेजारच्या कायद्यात आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 223 म्हणतं की, खासगी तक्रारीत आरोपीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय दंडाधिकाऱ्यानं गुन्ह्याची दखलच घ्यायची नाही. ही संधी न देता घेतलेली दखल सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये, ईडीच्या एका प्रकरणात, रद्द केली. बदनामीच्याच एका प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयानं त्याआधी, सप्टेंबर 2024 मध्ये, आधी तक्रारदाराचा जबाब, मग आरोपीला नोटीस, असा क्रम सांगितला.

दुपारची अशील एकवीस वर्षांची मुलगी. कोचिंग क्लास मधेच सोडला, उरलेली फी परत द्यायचं लेखी कबूल करून क्लासनं दिली नाही, म्हणून तिनं तसं इंटरनेटवर लिहिलं, कबुलीपत्राच्या फोटोसह. क्लासच्या मालकानं बदनामीची तक्रार केली. तिला नोटीस आली ती आरोपी म्हणून समन्स नव्हे, म्हणणं मांडायला या म्हणून.

समोरच्या वकिलांनी हरकत घेतली की, या टप्प्यावर आरोपीचे कागद बघताच येत नाहीत, आणि त्यासाठी दोषारोप ठेवण्याच्या टप्प्याविषयीचा 2004 चा निवाडा दाखवला. मी म्हणाले, तो टप्पा वेगळा; आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं आहे की, बदनामीच्या तक्रारीत समन्स काढण्यापूर्वी अपवाद लागू होतो का, हे पाहायला दंडाधिकाऱ्याला आडकाठी नाही. दंडाधिकारी बाईंनी दोन्ही निवाडे घेतले. मग सरळ तक्रारदाराला विचारलं, "फी परत केली का?" वकील म्हणाले, सूचना घेऊन सांगतो. पुढच्या तारखेला त्यांनी तक्रार मागे घेतली. फी तिला अजून मिळालेली नाही, त्यासाठी ती ग्राहक आयोगात भांडते आहे. पण ती आरोपी झाली नाही. जामीनदार शोधावा लागला नाही, नोकरीच्या अर्जात खटल्याच्या रकान्यापुढे काही लिहावं लागणार नाही.

एकाच दिवसात हे दोन्ही पाहिल्यावर मी बार रूममध्ये बसून सहकाऱ्यांशी बरंच भांडले. त्यातल्या ज्येष्ठांचं म्हणणं की बदनामी गुन्हा राहायलाच हवी, प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. 2016 मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगून कलम 499 वैध ठरवलं. फेब्रुवारी 2024 मध्ये विधी आयोगाच्या 285 व्या अहवालानंही ते ठेवावं अशीच शिफारस केली. दुसरीकडे सप्टेंबर 2025 मध्ये न्यायमूर्ती एम. एम. सुंदरेश यांनी एका सुनावणीत, हे फौजदारीतून बाहेर काढायची वेळ आली आहे, अशा अर्थाची टिप्पणी केली. श्रीलंकेनं ते 2002 मध्ये काढून टाकलं. इंग्लंडनं 2009 च्या कायद्यानं.

माझं मत स्पष्ट आहे : हा गुन्हा नसावा. प्रतिष्ठा मोलाची आहे हे मान्य, पण तिची भरपाई दिवाणी न्यायालय करू शकतं. 1860 च्या ज्या संहितेखाली 1882 मध्ये टिळक-आगरकर कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीसाठी दोषी ठरले, डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहिले, तिचंच कलम आपण नवा आकडा देऊन पुढे चालवतो आहोत. त्या दोघांच्या हाती आलेली पत्रं बनावट निघाली आणि त्यांनी माफीही मागितली होती, तरी कैद चुकली नाही.

पण संसदेनं गुन्हा ठेवायचंच ठरवलं असेल, तर निदान बचाव तरी नीट बांधावेत. पहिल्या अपवादात 'तंतोतंत' नव्हे तर 'मूलतः' सत्य पुरेल असं लिहावं. इंग्लंडच्या 2013 च्या कायद्यात ते तसं आहे. शिवाय अनेक आरोपांपैकी एखादा सिद्ध झाला नाही, पण त्यानं गंभीर हानीही होत नाही, तर बचाव पडत नाही. जावई की पुतण्याचा मेहुणा, यावर कुणी दोषी ठरता कामा नये. नवव्या अपवादाबाबत तर सर्वोच्च न्यायालयानं 1965 मध्येच, हरभजन सिंग प्रकरणात, सांगून ठेवलं आहे की तिथे प्रत्येक शब्द खरा ठरवायची गरज नाही. पुरेशी काळजी घेऊन, सद्भावनेनं लिहिलं होतं एवढं शक्यतेच्या पारड्यात, म्हणजे तसं असण्याची शक्यता जास्त आहे इतपत, दाखवलं तरी चालतं. हे कलमातच का लिहू नये? आणि 223 च्या सुनावणीत सरकारी दप्तरातले कागद पाहता येतील, अशी एक ओळ घातली तर उरलेला वादच संपेल. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. त्या दिवशी जिथे अधिवेशन चाललं होतं, त्या विधान भवनातसुद्धा ही दुरुस्ती मांडता येते, राष्ट्रपतींच्या संमतीनं.

आणखी एक. निराधार तक्रार करणाऱ्याकडून आरोपीला भरपाई द्यायची तरतूद कायद्यात आधीपासून आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 250, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 273. बदनामीच्या खटल्यात ती वापरलेली मी पाहिलेली नाही. काका निर्दोष सुटले तर मी ती मागणार आहे, लेखी अर्ज देऊन.

त्याआधी बचावाचा पुरावा व्हायचा आहे. अध्यक्षांनी कबूल केलं तरी मूळ लेखापरीक्षण अहवाल निशाणीवर यायला हवा, म्हणून उपनिबंधक कार्यालयाच्या लिपिकाला दप्तरासह समन्स काढून घेतलं आहे आणि त्याचा भत्ता कोर्टात भरला आहे. काकांची साक्ष मी लिपिकानंतर घेणार. काकांना एकच विचारायचं आहे, पत्रक लिहिण्याआधी तुम्ही काय काय वाचलं होतं. ते पोचपावतीची तारीख आतापासूनच पाठ करून बसले आहेत.