लग्न होईना, वेड जाईना

संशोधनासाठी पैसे मागणाऱ्या माझ्या अर्जाला परवा तिसरा नकार आला. अर्ज तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचा मुख्य शेरा एका ओळीचा: कल्पना चांगली, पण प्राथमिक पुरावा अपुरा. अहो, तो पुरावा गोळा करायलाच तर पैसे मागितले होते! वेड गेल्याशिवाय लग्न नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत.

माझं प्रोटीन हट्टी आहे. चार महिने ते शुद्ध करायच्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, बाहेर येताच खाली बसायचं. ट्यूबच्या तळाशी पांढरा साका. मीठ वाढवलं, ग्लिसरॉल वाढवलं, तेव्हा कुठे ते विरघळलेलं राहिलं. मग त्याला चिकटून पुढे औषध होऊ शकेल असा रेणू शोधायला 384 खळग्यांच्या प्लेटमध्ये तितकेच रेणू तपासले. एका खळग्यात प्रोटीनचं वितळण्याचं, म्हणजे त्याची घडी उलगडण्याचं, तापमान दोन अंशांनी वर सरकलं. म्हणजे काहीतरी चिकटलं असावं. तीनदा करून पाहिलं. दोनदा आलं, तिसऱ्यांदा नाही. अर्जात तिन्ही आकडे प्रामाणिकपणे लिहिले. रिव्ह्यूअरने नेमकं तिसऱ्यावर बोट ठेवलं. चौथ्यांदा करायला तो रेणूच उरलेला नाही.

माझ्या प्रोटीनच्या पृष्ठभागावर औषध बसेल असा खिसा नाही, हा दुसरा आक्षेप. कर्करोगाशी जोडलेल्या केरास या प्रोटीनबद्दलही हेच म्हणायचे. माणसाच्या कर्करोगातली रास जनुकं (केरास त्यांतल्याच एकाचं) 1982 मध्ये सापडली, आणि पुढची तीस वर्षं केरासवर 'औषध अशक्य' असा शिक्का होता. 2013 मध्ये संशोधक केव्हन शोकाट यांच्या गटाने त्याच्या एका बदललेल्या रूपात, जी-बारा-सीमध्ये, दडलेला खिसा दाखवला. 2021 मध्ये त्या रूपावरच्या सोटोरासिब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. (स्वादुपिंडाच्या कर्करोगात जी-बारा-डी हे दुसरं रूप जास्त दिसतं, त्यावर ते चालत नाही. म्हणजे तिथलं काम बाकीच होतं.)

पैशाच्या बाबतीत मला सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनचं धाडस आवडतं. 2000 च्या सुमारास, बड्या कंपन्यांना या आजारात रस नव्हता तेव्हा, त्यांनी ऑरोरा नावाच्या छोट्या कंपनीला रेणू चाळायला पैसे दिले. हाताशी औषध सोडा, औषधाचा पत्ताही नव्हता. 2012 मध्ये त्यातून आयव्हाकाफ्टर हे औषध आलं, तेही सुरुवातीला जेमतेम चार टक्के रुग्णांसाठी. 2014 मध्ये फाउंडेशनने औषधांच्या विक्रीतल्या वाट्याचे, म्हणजे रॉयल्टीचे हक्क 3.3 अब्ज डॉलरला विकले. हा आकडा सगळे सांगतात. मला मात्र त्याआधीची, हाती काहीच नसलेली वर्षं मोठी वाटतात.

चौथा अर्ज मी छोटा केलाय. एक वर्ष, एकच प्रश्न: खिसा आहे की नाही? नसेल तर तसं छापून काम बंद, उरलेले पैसे परत. 'अपेक्षित फलित' या रकान्यात 'हो किंवा नाही' एवढंच लिहिलं. सहकारी म्हणाली, ''अगं, 'नाही' तरी खोड!'' नाही खोडलं.

उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये प्रोटीनच्या चार ट्यूब उरल्यात. एका प्लेटला पुरतील.