तुम्ही विचारलंत म्हणून: मी सत्काराला का येत नाही

4 फेब्रुवारी, जागतिक कर्करोग दिन जवळ आला की सांगलीतून कुणाचा तरी फोन येतो. ‘कॅन्सरवर मात केलेल्या महिलांचा सत्कार ठेवलाय ताई, दोन शब्द बोला.’ मी नको म्हणते. मग ठरलेला प्रश्न: ‘का हो? तुमच्याकडं बघून चारजणींना धीर येईल.’ माघारी मला शिष्ट म्हणतात, तेही कानावर आलंय. तर एकदाचं सांगून टाकते.

अशा एका सत्काराला मी गेले होते. शाल, नारळ, फोटो, सगळं रीतीनं झालं. पाहुणे माईकवर म्हणाले, ‘ज्यांनी हिंमत सोडली नाही, त्याच आज आपल्यासमोर बसल्या आहेत.’ टाळ्या पडल्या. प्रेक्षकांत तासगावकडच्या एक वहिनी होत्या. त्यांच्या मालकांचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं. मिरजेत केमोला ते माझ्या शेजारी असायचे. द्राक्षबागायतदार. ‘ऑक्टोबर छाटणी उरकू द्या, मग पुढची सलाईन लावा,’ म्हणून सिस्टरशी घासाघीस करणारा माणूस. एका हाताला सुई, दुसऱ्या हातानं फोन कानाला, आणि पोरावर ओरडणं: ‘पाऊस उघडला की डाऊनी बुरशीचं औषध मार, उद्यावर ढकलू नको!’ ओकारी आली की फोन तेवढा लांब धरायचे. यांची हिंमत कमी पडली?

वहिनीही टाळ्या वाजवत होत्या. नंतर चहाच्या टेबलापाशी मला म्हणाल्या, ‘शेवटी शेवटी आमचे जेवायलाच नको म्हणायचे. मी जबरदस्ती करायला पायजे होती का हो?’

मी सांगितलं त्यांना. माझी गाठ स्तनातली, हाताला लागली, वेळेत कळलं. तुमच्या मालकांचं दुखणं स्वादुपिंडाचं, पोटात पार मागं; कावीळ दिसेपर्यंत बहुतेकदा ते पसरलेलं असतं. माझ्या गाठीच्या जातीला हार्मोनच्या गोळ्या लागू पडतात, त्या मी रोज गिळते. यात पराक्रम कसला? वहिनींनी मान हलवली. पटलं नव्हतं, दिसत होतं. माईकवरनं आलेल्या वाक्यापुढं माझं काय चालणार?

तुम्ही म्हणाल, तूच तर लढायची भाषा करायचीस. करायचे ना. केमोच्या लाल सलाईननंतर तोंड आलेलं, पाणी गिळवत नाही, अशा रात्री ‘लढणार’ म्हटल्याशिवाय उजाडायचं नाही. डोक्याला रुमाल बांधून तसं स्टेटसही ठेवलं होतं. त्या बाईला आज खोटी कशी म्हणू? आणि दुसरं म्हणायचं तरी काय? सासूबाई ‘भोग आहेत’ म्हणायच्या. म्हणजे मागच्या जन्मीचं पापही माझ्याच खात्यावर. पाहुणे नावच घेत नाहीत, आवाज खाली करून ‘ते दुखणं’ म्हणतात. त्यापरीस लढाई बरी, असंही एखाद्या दिवशी वाटतं. पण पेपरात ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ वाचलं की पुन्हा डोकं फिरतं. हार्ट अटॅकनं गेलेल्याला कुणी अपयशी म्हणतं का?

शिवाय माझं अजून मिटलेलं नाही. या जातीचा कॅन्सर पाच काय, दहा वर्षांनीही उलटू शकतो. उलटला तर शाल परत मागाल?

राग मानू नका. बोलवायचंच असेल तर ओपीडीच्या बाकावर बोलवा, नव्या पेशंटपाशी. तोंड आल्यावर काय खावं, केस गळायच्या आधी कापून टाकावेत का, महात्मा फुले योजनेचे कागद कुठल्या खिडकीवर द्यायचे, हे मला पाठ आहे. फक्त बुधवार सोडून, बुधवारी माझीच तपासणी असते.